झेफेरीनूचे कान

झेफेरीनूच्या गिटारीत काहीतरी सुटलंय, हे सगळ्यांत आधी कळलं ते बिबियानला. नाताळानंतरच्या एका बारशात झेफेरीनू मोर्ना, बेटावरचं ते संथ उदास गाणं, वाजवत होता. लोक डोळे मिटून ऐकत होते. कोपऱ्यात मक्याच्या काचुपाची ताटली मांडीवर घेऊन बसलेल्या बिबियानचा चमचा मध्येच थांबला. तिसऱ्या तारेच्या मागे बारीक झणझण होती. आतली एखादी पट्टी सरसातून सुटली असणार.

माणसं पांगल्यावर तो म्हणाला, "कुंपाद, हिला माझ्याकडे आणून टाक."

"का? चांगली वाजतेय की."

"झणझणतेय."

"दोन ग्रोग पोटात गेले की तुला सगळंच झणझणतं."

"तारा धरणारी घोडीपण उचललीय तिची. एक दिवस तारांसकट उखडून तुझ्या तोंडावर बसेल. दात किती उरलेत? चारच ना?"

"पाच," झेफेरीनू म्हणाला आणि पाचही दाखवून हसला.

झेफेरीनू सत्तरीचा, बिबियान बासष्टचा. झेफेरीनू बिबियानच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना कुंपाद म्हणायचे. मुलगी लग्न करून रॉटरडॅमला गेली त्याला पंधरा वर्षं झाली, पण नातं राहिलं. झेफेरीनूने उभं आयुष्य मिंदेलूच्या बंदरात होडी वल्हवण्यात घालवलं होतं. गिटार मात्र तो असा वाजवायचा की मयताच्या घरी त्याला आधी बोलवायचे आणि पाद्रीला नंतर.

आणि ती गिटार बिबियानच्या बापाच्या हातची होती. त्यांच्या बेटावर झाडं नाहीत. वाद्यं करणाऱ्याने लाकूड आणायचं कुठून? जहाजातून उतरलेली खोकी, मोडके दरवाजे, मेलेल्या माणसाचा पलंग, असलं काहीतरी. पण एकदा उत्तरेकडचं एक जुनं शिडाचं जहाज बंदरात मोडीत निघालं आणि बिबियानच्या बापाने, मिस्त्री जुस्तिनूने, त्याच्या डोलकाठीचा एक तुकडा मिळवला. त्यातून त्याने सात गिटारींच्या तबल्या काढल्या. तबली म्हणजे वरची फळी. गिटारीचा आवाज तिच्यात असतो, बाकी सगळा डबा. सहा गिटारी खलाशांबरोबर गेल्या. कुणी बोस्टनला, कुणी डाकारला. परत एकही आली नाही. सातवी जुस्तिनूने झेफेरीनूच्या लग्नात त्याला दिली. त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली होती.

बिबियान स्वतः वाईट कारागीर नव्हता. त्याने केलेल्या कावाकिन्यू, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारी, थेट राजधानीत प्रायापर्यंत जायच्या. पण मनातल्या मनात तो वाद्यांचे दोनच प्रकार करायचा: चांगली आणि बापाची. आपण चांगल्यांत मोडतो, हे त्याने कधीच कबूल करून टाकलं होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झेफेरीनू गिटार घेऊन रिबैरा बोत वस्तीचा चढ चढून बिबियानच्या दुकानात आला. ती त्याने बायकोच्या शालीत गुंडाळली होती.

"आठ दिवसांत दे. इदालीना म्हणते, गिटार घरात नसली की मी तिच्याशी बोलायला लागतो. तिला सवय नाही."

"आठ दिवसांत सरससुद्धा वाळत नाही."

"मग पंधरा. आणि बिबिया, जास्त काही करू नकोस. पट्टी चिकटव, घोडी बसव, बास. तिला तरुण करायला जाऊ नकोस."

त्या दिवसांत समुद्रापलीकडच्या वाळवंटावरून धुळीचा वारा आला होता. समोरचा डोंगर दिसेनासा झाला होता, भरदुपारी उजेड ताकासारखा पडायचा. बेनविंदाने, बिबियानच्या बायकोने, दारांच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. बिबियानला ती धूळ बरी वाटत होती. गेली दोन वर्षं त्याच्या डोळ्यांपुढे हेच ताक होतं. धूळ असली की सगळ्यांनाच कमी दिसायचं. एरवी तो चष्मा पुसत राहायचा, कुणी बघत नसेल तर बोटांनी चाचपून घ्यायचा. बेनविंदा म्हणायची, दवाखान्यात जाऊन ये. तो म्हणायचा, जाईन. दवाखान्यात गेलो की साऱ्या गावाला कळणार, आणि आंधळ्या मिस्त्रीकडे गिटार कोण आणणार?

गिटारीची पाठ त्याने सरळ काढली. आतली सुटलेली पट्टी बोटाला लागली. तिथवर सगळं ठीक होतं. मग त्याने घोडी काढायला घेतली. पातळ सुरी तापवायची, घोडीखाली हळूहळू सरकवायची; सरस मऊ होतो आणि घोडी आपोआप सुटते. आयुष्यात त्याने हे शेकडो वेळा केलं होतं. सुरी घोडीखाली शिरली. पुढे लाकडाची रेघ कुठे वळतेय ते नीट दिसेना. धूळ निवळेपर्यंत थांबावं, असं त्याच्या मनात आलंही. पण थांबला नाही. हाताला माहीत आहे, असं स्वतःला सांगून त्याने सुरी पुढे रेटली.

सुरी घोडीखालून निघून तबलीत शिरली. हाताला कळलं, पण उशिरा. वीतभर लांब कपची उचलून आली.

तेव्हाच थांबला असता तरी निभावलं असतं. कपची जागेवर बसवून ठिगळ लावता आलं असतं. ठिगळ दिसलं असतं, झेफेरीनूने दोन शिव्या घातल्या असत्या, आणि विषय संपला असता. पण ठिगळ दिसलं की विचारणार, हे कसं झालं? आणि मग डोळे. म्हणून त्याने ठिगळ दिसू नये अशा रीतीने काम करायचं ठरवलं. कपची सरस लावून दाबली, वर शिकंजा घट्ट केला. शिकंज्याचा पाय एका बाजूला वाकडा बसला होता, ते त्याला दिसलं नाही. कट् असा आवाज आला. घोडीपासून मधल्या भोकापर्यंत चीर गेली. घाईघाईने शिकंजा काढताना दुसरी गेली. शेवटी तबली उतरवली तेव्हा तिचे तीन तुकडे झाले होते.

तो तुकडे मांडीवर घेऊन बसून राहिला. आतून बेनविंदाने हाक मारली. तो म्हणाला, "पोट बरं नाही." मग त्याने एक अशी गोष्ट केली, जिचं कारण त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. बेनविंदा नळावर गेली तेव्हा त्याने तुकडे गुडघ्यावर मोडले आणि चुलीत सारले. ती परत आली तर घरभर राळेचा वास.

"कसलं लाकूड घातलंस रे? वास किती छान येतोय."

"जुनं पडलं होतं," तो म्हणाला. त्या चुलीवरची काचुपा तो जेवला नाही.

पोर्तुगालहून आलेली एक पांढरीशुभ्र फळी त्याने अकरा वर्षं सांभाळून ठेवली होती, स्वतःच्या हातच्या सर्वांत चांगल्या गिटारीसाठी. ती त्याने काढली. डोळे असे होते म्हणून बोटांनी काम केलं. जाडी बोटांनी मोजली, ठोकून ठोकून पातळ केली. काळ्या चहाने आणि करपवलेल्या साखरेने ती रंगवली, आतूनही आणि बाहेरूनही. भोकाभोवतीची जुनी नक्षी उचलून बसवली. झेफेरीनूच्या करंगळीने चाळीस वर्षांत घासून केलेला खळगा होता, तोही त्याने कोरला. नखांचे ओरखडे एकेक आठवून ओढले. खालच्या कडेला सिगारेटचा एक डाग होता, स्वातंत्र्याच्या रात्रीच्या गडबडीत पडलेला. बिबियान सिगारेट ओढत नसे. त्याने एक विकत आणली, पेटवली, आणि नेमकी तेवढीच टेकवली.

मध्येमध्ये झेफेरीनू डोकवायचा. फडक्याखाली झाकलेली गिटार लांबूनच दाखवून बिबियान म्हणायचा, "सरस वाळतोय. या हवेत वेळ लागतो."

"तुझा सरस आहे की सरकारी कागद?"

गिटार पुरी झाली तेव्हा बिबियानने ती उजेडात धरली आणि त्याला अभिमान वाटला. तो अभिमान वाटला हेच त्याला नंतर सर्वांत जास्त सलत राहिलं.

मार्चमध्ये झेफेरीनू गिटार न्यायला आला. दुकानातल्या स्टुलावर बसला, नेहमीसारखी तिची पाठ पोटाशी धरली, करंगळी खळग्यात टेकवली आणि एक सूर काढला. मग दुसरा. मग थांबला. गिटार मांडीवर आडवी करून त्याने तिच्यावरून हात फिरवला. ओरखडे पाहिले. डाग पाहिला. भोकातून आत डोकावला. पाठीवर मिस्त्री जुस्तिनूची चिठ्ठी जागच्या जागी होती.

"कुणाची आहे ही?"

"तुझीच. दुसऱ्या कुणाची असणार?"

झेफेरीनूने पुन्हा वाजवलं, या वेळी एक अख्खी मोर्ना. बिबियान पाठमोरा होऊन कानस पुसत राहिला. आवाज स्वच्छ होता, गोड होता. चांगल्या गिटारीचा आवाज होता.

"आवाज कुठे गेला हिचा, बिबिया?"

सांगायचं ते इथेच सांगायला हवं होतं. वाक्य त्याच्या जिभेवर होतंही. पण आयुष्यभर दोघांचं बोलणं चेष्टेतच चालत आलं होतं, आणि जिभेने नेहमीची वाट धरली.

"आवाज तिथंच आहे. कान म्हातारे झालेत तुझे."

त्याला वाटलं, आता शिवी येईल. शिवी आली नाही. झेफेरीनूने शाल जवळ ओढली. मग हळूच म्हणाला, "असेल. इदालीनापण म्हणते, हाक मारली तर ऐकू येत नाही म्हणून." त्याने गिटार शालीत गुंडाळली आणि तो चढ उतरून गेला.

पुढे काय झालं ते बिबियानला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. शनिवारच्या बैठकीत झेफेरीनू मध्येच थांबला, म्हणाला, मला सूर दिसत नाही. पुढच्या शनिवारी गेलाच नाही. मग प्रायाहून कानांचा डॉक्टर आला होता, त्याच्याकडे जाऊन आला. डॉक्टरने खरं तेच सांगितलं: सत्तरी आली, वरचे बारीक आवाज थोडे कमी येणारच, सगळ्यांना होतं. तसा कागद लिहून दिला. झेफेरीनूने तो कागद घडी करून खिशात ठेवला. मेमध्ये एका मयताला बोलावणं आलं तर म्हणाला, "दुसरा कुणी बघा. मेलेल्यापुढे खोटं वाजवायचं नाही."

हे बेनविंदा नळावरून ऐकून आली. "इदालीना रडत होती," ती म्हणाली. "दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो म्हणे. जेवतही नाही धड. तू एकदा जाऊन ये ना."

बिबियान गेला. सांगायचंच, असं ठरवून गेला. झेफेरीनू खिडकीशी बसला होता. दाढी वाढली होती. गिटार खिळ्याला टांगलेली, तारा सैल केलेल्या.

"ये कुंपाद. बस." त्याने स्वतः उठून खुर्ची पुढे केली. "बरं झालं आलास. तुझं एक देणं लागतो मी. आभार मानायचे राहिलेत."

"कसले आभार?"

"बाकीचे सगळे म्हणत होते, वा झेफेरीनू, काय वाजवतोस! वर्षभर म्हणत असतील. मी बेसूर वाजवत असेन आणि हे माना डोलवत असतील. तोंडावर खरं बोलणारा तू एकटा. कान म्हातारे झालेत, म्हणालास. त्या दिवशी राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण मग वाटलं, मित्र म्हणायचा तो हाच."

इदालीनाने कॉफी आणून दिली. ती पिऊन तो घरी आला.

जून गेला, जुलै गेला. दुकानात काम येत होतं, त्याने ते परत पाठवायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये एका सकाळी बेनविंदा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बिबियान, त्या दिवशी चुलीत काय घातलं होतंस?"

त्याने सांगितलं. तिने सगळं उभ्यानेच ऐकलं.

"उठ," ती म्हणाली. "शर्ट बदल आणि जा."

"आता काय उपयोग?"

"उपयोगाचं मी विचारत नाही. उठ."

त्या वेळीही झेफेरीनू खिडकीशीच होता. तो आणखी वाळला होता. या खेपेला बिबियान बसला नाही.

"कुंपाद, तुझे कान ठीक आहेत. मी तुझी गिटार मोडली. तबली माझ्या हातून फाटली. मला दिसत नाही, दोन वर्षं झाली. तुझ्या गिटारीवर आहे ती तबली मी केलेली आहे, नवी. ओरखडे मी ओढलेत. डाग मी पाडला. तू पहिल्याच सुराला ओळखलंस आणि मी खोटं बोललो."

झेफेरीनूच्या चेहऱ्यावर हसू आलं. अगदी मायेचं.

"बेनविंदाने पाठवलं ना तुला?"

"हो, पण..."

"वाटलंच. आणि तिला इदालीनाने सांगितलं. बायका!" त्याने मान हलवली. "म्हाताऱ्याचं मन राहावं म्हणून काय काय रचता रे तुम्ही."

"रचलेलं नाही. देवाशपथ. बापाची शपथ."

"मग जुनी तबली कुठाय?"

"जाळली."

"जाळली!" झेफेरीनू हसायलाच लागला. "मिस्त्री जुस्तिनूची तबली तू चुलीत घातलीस? तू? बापाचा मोडका रंधासुद्धा तू टाकला नाहीस अजून."

"खरंच जाळली, झेफेरीनू."

"आणि डोळे गेलेत तुझे. आंधळ्याने माझा एकेक ओरखडा कोरून काढला, अगदी जिथल्या तिथे. बिबिया, खोटं बोलताना जरा जुळवून तरी बोलावं."

बिबियानने खिळ्यावरची गिटार खाली घेतली. "थांब. तुझ्यासमोर फोडतो. लाकूड गाभ्यात पांढरं आहे, रंग वरवरचा आहे. बघ तू."

झेफेरीनू खुर्चीतून उठला. इतक्या दिवसांत तो इतक्या चपळाईने उठला नव्हता. त्याने गिटार हिसकावून घेतली आणि छातीशी धरली.

"खबरदार! तुझ्या बापाच्या हातची शेवटची वस्तू आहे ही. माझ्यासाठी म्हणून हिला सुरी लावशील? वेडा झालास?" त्याचे डोळे भरून आले होते. "मला कळतं रे तुला काय वाटतं ते. पण झालं ते झालं. डॉक्टरने लिहून दिलंय. मी मनाची समजूत घातली आहे कशीबशी. आता पुन्हा आशा लावू नकोस मला. बस, काचुपा खाऊन जा."

बिबियान बसला नाही. दाराबाहेर पायरीवर इदालीनाने त्याला गाठलं.

"मला सांग, कुंपाद. खरं बोललास की खोटं?"

"खरं."

ती रडली नाही. ती फक्त त्याला न्याहाळत राहिली, ओळख पटत नसल्यासारखी.

"त्याने सुतळीने बोटं बांधून ठेवली होती महिनाभर," ती म्हणाली. "आपोआप वाजवायला लागायची म्हणून. टेबलावर, माझ्या पाठीवर. ती मी सोडायची, जेवायला. आणि तू इथे येऊन कॉफी पिऊन गेलास."

"तू सांग त्याला. तुझं ऐकेल."

"माझं? मी त्याची बायको. मी तर म्हणणारच." तिने आत एकदा वळून पाहिलं. "जा आता. आणि पुन्हा हे बोलू नकोस त्याच्यापुढे. त्याने आता बोटं बांधायची सोडलीत. बोटंच गप्प झालीत."

बिबियानने त्या वर्षी दुकान बंद केलं. हत्यारं बेनविंदाच्या भाच्याला सांव निकोलाउ बेटावर पाठवून दिली. डोळ्यांचं ऑपरेशन करणारे डॉक्टर दोनदा बेटावर येऊन गेले. बेनविंदाने नाव घातलं, तो गेला नाही. ती भांडली, मग भांडायची थांबली. रॉटरडॅमहून मुलीची पत्रं यायची, ती बेनविंदा वाचून दाखवायची. शेवटी नेहमी लिहिलेलं असायचं, धर्मपित्याला विचारल्याचं सांगा, अजून वाजवतात का कळवा. बेनविंदा तेवढं ओठांतल्या ओठांत वाचायची.

झेफेरीनू पुढे चार वर्षं जगला. गिटारीला त्याने पुन्हा हात लावला नाही. पण माणसांत यायला लागला, चौकातल्या बाकावर संध्याकाळी बसायला लागला, आणि बिबियानला हाताला धरून शेजारी बसवायला लागला. बिबियानला टाळता यायचं नाही. टाळलं तर घरी येऊन घेऊन जायचा. आणि कुणी नवा माणूस, कुणी सुट्टीवर आलेला खलाशी बाकाशी थांबला, गिटारीचा विषय निघाला, की झेफेरीनू बिबियानच्या खांद्यावर हात टाकायचा.

"हा माणूस बघा. माझे कान गेले तेव्हा मला बरं वाटावं म्हणून आला आणि म्हणाला, तुझे कान शाबूत आहेत, मीच गिटार मोडली, मीच खोटारडा, मीच आंधळा. स्वतःच्या तोंडाला स्वतःच्या हाताने काळं फासून घेतलं, माझ्यासाठी! बापाची गिटार फोडायला निघाला होता, माझ्यासाठी! कोण करतं हो आजकाल?"

माणसं चुकचुकायची, कौतुकाने बघायची. कुणी बिबियानचा हात हातात घ्यायचं, कुणी ग्रोग मागवायचं. बिबियानला आता चेहरे दिसत नव्हते, नुसते ठिपके हलायचे. तो मान खाली घालून बसायचा. लोकांना वाटायचं, लाजतोय.